एकमेकांना प्रीतीसाठी आणि सेवेसाठी चेतवायचं कसं?

मोहरी

सगळ्यांना सलाम.

येत्या प्रार्थनासभेत मला पंधरा मिनिटं बोलायला सांगितलंय. वचन आहे बायबलच्या नव्या करारातल्या इब्री पत्रातलं, १०:२४ (अध्याय १०, वचन २४). प्रीती आणि सत्कर्मं करायला उत्तेजन मिळेल अशा रीतीने एकमेकांकडे लक्ष द्यावं, असा त्याचा आशय. लहानपणापासून पाठ आहे. पण टिपणं काढायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले, कारण हे प्रत्यक्षात करतात कसं, ते मला सांगता येईना.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हे काम सूचनांच्या वेळी उरकलं जातं. उपासना संपत आली की कोणीतरी उभं राहतं. आजाऱ्यांच्या भेटींना माणसं हवीत, मुलांच्या वर्गाला शिक्षक हवा, दर वेळी तेच लोक राबतात, बाकीच्यांनीही पुढे यावं. सगळे खाली बघतात, गीतपुस्तकाची पानं चाळली जातात आणि शेवटी त्याच चार जणांचे हात वर होतात. खाली बघणाऱ्यांत मीही असायचे. त्या क्षणी सेवेची ओढ वगैरे काही लागत नाही. नुसतं अपराधी वाटतं, आणि तेही घरी पोचेपर्यंत विरून जातं.

म्हणून विचारते. तुम्हाला कधी कोणी खरोखर हलवलं असेल, म्हणजे त्या माणसामुळे तुम्ही कोणावर तरी प्रेम करायला, कोणाचं तरी काही करायला उठला असाल, तर त्याने नेमकं काय केलं होतं? उपदेश माझ्याकडे भरपूर आहे. प्रसंग हवेत.

थेंब

वाचतेय. आमच्याकडेही अगदी हेच. हात चारच.

शब्दखूण

मोहरीताई, या वचनातल्या दोन शब्दांपाशी जरा थांबा.

ज्याचं आपण 'उत्तेजन' करतो तो मूळ ग्रीक शब्द पारॉक्सिस्मॉस. नव्या करारात तो दोनच ठिकाणी येतो. एक हे वचन, आणि दुसरं प्रेषितांची कृत्ये १५:३९. तिथे पौल आणि बर्णबा या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकांचं, मार्क या सोबत्याला बरोबर न्यायचं की नाही यावरून इतकं वाजलं की दोघांनी वाटा वेगळ्या केल्या. तिथे त्याचा अर्थ कडाक्याचा वाद असा आहे. १ करिंथ १३:५ मध्ये प्रीती चिडत नाही असं म्हटलंय, ते क्रियापदही याच कुळातलं. म्हणजे हा शब्द मवाळ नाही. त्यात टोचणी आहे, डिवचणं आहे. इब्री पत्राचा लेखक तीच धार उचलून प्रीतीच्या बाजूला लावतो.

दुसरा शब्द मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 'लक्ष देऊ' याचं मूळ क्रियापद म्हणजे निरखून बघणं, बघून समजून घेणं. लूक १२:२४ मध्ये येशू कावळ्यांकडे बघा म्हणतो, तिथे हेच क्रियापद आहे. मत्तय ७:३ मध्ये स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ ध्यानात येत नाही, तिथेही हेच. आणि वाक्याची घडण अशी आहे की निरखायचं ते एकमेकांना. आधी माणूस, मग त्याच्यात प्रीती कशाने जागी होईल ते. सूचनांच्या वेळी नेमकं उलट होतं. काम सगळ्यांना दिसतं, माणूस कोणाला दिसत नाही.

रोखठोक

शब्दखूण यांचा अभ्यास मान्य, पण माझं मत वेगळं आहे. मी बरीच वर्षं मंडळीच्या वडीलपदावर, म्हणजे कारभार पाहणाऱ्यांत, आहे. हल्ली 'उत्तेजन' म्हणजे कौतुक असं समीकरण झालंय. छान केलंत, तुमच्यामुळे उपासना शोभली, टाळ्या. मग ज्याला टाळी मिळत नाही तो रुसतो. उजव्या हाताने काय केलं ते डाव्याला कळू नये असं प्रभूने सांगितलंय ते कशासाठी? सेवा हे कर्तव्य आहे. गलती ६:५ म्हणतं, प्रत्येकाने आपला भार वाहिलाच पाहिजे. आणि मोहरीबाई, तुमच्या वचनाच्या पुढचंच २६ वं वचन वाचा. जाणूनबुजून पाप करत राहण्याबद्दल तिथे जो इशारा आहे तो अंगावर काटा आणणारा आहे. गोड बोलून मंडळ्या उभ्या राहत नाहीत.

पणती

रोखठोककाका, गलती ६:५ च्या तीनच वचनं आधी, ६:२ मध्ये, एकमेकांची ओझी वाहा असंही आहे ना?

शब्दखूण

दोन्हीकडे शब्द वेगळे आहेत. ६:२ मधलं ओझं म्हणजे माणूस दबून जाईल असं वजन. ६:५ मधला भार म्हणजे ज्याचा त्याने उचलायचा बोजा. आपला बोजा आपण उचलावा, पण दबलेल्याला एकटं सोडू नये. दोन्ही खरं आहे.

काकांचं २६ वं वचन मी टाळत नाही. पण तसंच पुढे ३२ ते ३४ पर्यंत या. त्या कठोर इशाऱ्यानंतर लेखक म्हणतो, पूर्वीचे दिवस आठवा. तुम्ही तुरुंगातल्यांच्या दुःखात वाटेकरी झालात, तुमची मालमत्ता लुटली गेली तेव्हा तेही आनंदाने सोसलंत. म्हणजे त्यांनी स्वतः केलेली प्रीती तो त्यांना पुन्हा दाखवतो. मला तर हे फार मोलाचं वाटतं. थकलेल्या माणसाला 'तू काहीच करत नाहीस' असं म्हणण्यापेक्षा 'तू तेव्हा काय केलं होतंस ते मला आठवतंय' हे सांगणं जास्त आत जातं.

अबोली

मोहरी, प्रसंग मागितलास म्हणून लिहिते.

मी मंडळीत नवीन होते, कोणाशी फारसं बोलत नव्हते. एकदा उपासनेनंतर एक वयस्कर बाई जवळ आल्या. पुढे मी त्यांना मावशी म्हणू लागले. म्हणाल्या, "तू समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालत नाहीस. मला असंच माणूस हवंय बरोबर. बुधवारी येशील?" अंथरुणाला खिळलेल्यांना भेटायला त्या दर बुधवारी जायच्या.

त्यांच्याकडे एक छोटी वही होती. कोपरे दुमडलेले, रबर लावून बंद केलेली. एकेका माणसाला एकेक पान. मला वाटलं औषधं, आजार असं काही लिहिलेलं असेल. उघडून बघितलं तर: "उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडे बसणे." "धाकट्या मुलाचा विषय आपण काढू नये. त्यांनी काढला तर घाई करू नये." "स्तोत्र १२१. सावकाश. दोनदा वाचले तरी चालते." "निघताना दार लोटून घ्यावे, उघडे राहिले तर त्यांना उठता येत नाही."

पहिले दोन महिने मी फक्त बसत होते. नंतर एका घरी मावशींनी न बोलता शास्त्र (बायबल) माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतःची खुर्ची मागे घेतली. माझा आवाज कापत होता. पलंगावरच्या आजोबांनी डोळे मिटून घेतले आणि ओठ माझ्याबरोबर हलायला लागले. त्या दिवसापासून मी गेले ती आजतागायत जाते.

मावशींनी मला सेवेबद्दल एकदाही भाषण दिलं नाही. त्यांनी माझ्यातलं काहीतरी हेरलं, त्याला नाव दिलं आणि त्याला जागा करून दिली. त्या आता नाहीत. वही माझ्याकडे आहे.

थेंब

दार लोटून घ्यावे… हे वाचून गलबलून आलं.

मोहरी

अबोलीताई, 'मला असंच माणूस हवंय' हे वाक्य मी सकाळपासून घोळवतेय. 'कोणीतरी या' आणि 'तू ये, कारण तुझ्यात हे आहे' यांत किती फरक आहे.

सायली

मी जरा वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

मुलांच्या रविवार शाळेत मी चौदा वर्षं शिकवतेय. मला आता कोणी सेवेसाठी उत्तेजन देऊ नका, प्लीज. दर वर्षी शिक्षकदिनाला मला पुढे बोलावतात, माझ्या निष्ठेबद्दल बोलतात, आणि त्यामुळे 'मी दमलेय' हे म्हणायची जागाच उरत नाही. गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी वर्गात होते. सगळे म्हणाले, काय खंबीर आहे. एकानेही असं म्हटलं नाही की आज तू बस, वर्ग मी बघतो.

हे वचन सगळे मला वाचून दाखवतात. माझ्याकडे बघून कोणी वाचत नाही.

पणती

सायलीताई, राग कसला. बरं झालं लिहिलंत.

निर्गम १८ मध्ये मोशेचा सासरा इथ्रो येतो आणि मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचा न्याय करत बसलाय हे बघतो. तो काय म्हणतो? हे तू करतोस ते बरं नाही, तूही झिजून जाशील आणि हे लोकही. आणि नुसतं 'जरा विश्रांती घे' म्हणून थांबत नाही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम, अशी पुरती व्यवस्था सुचवतो. मला हे उत्तेजनच वाटतं. मार्क ६:३१ मध्ये शिष्य काम करून परत येतात आणि त्यांना जेवायलाही सवड नसते, तेव्हा येशू त्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या म्हणतो. पुढचं काम लगेच हातात देत नाही.

तुम्ही पाळकांना सांगितलंय का हे?

सायली

नाही. सांगितलं तर वर्ग बंद पडेल या भीतीने.

रोखठोक

सायली, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. माझ्या मंडळीतही अशी एक बहीण आहे. तिचं काम व्यवस्थित चालतं म्हणून मी तिकडे कधी बघितलंच नाही. जिथे काम अडतं तिथेच आम्ही वडील लोक धावतो. कर्तव्याचं जे लिहिलं ते मी मागे घेत नाही. पण कर्तव्य सांगणाऱ्याचंही एक कर्तव्य असतं, ते माझ्याकडून राहून गेलंय.

पणती

काका, १ थेस्सल ५:१४ मध्ये तुमचंही येतं आणि सायलीताईंचंही. अव्यवस्थित वागणाऱ्यांना ताकीद द्या, खचलेल्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, सगळ्यांशी सहनशीलतेने वागा. माणूस बघून औषध बदलतं. खचलेल्याला ताकीद दिली तर तो मोडतो, आणि आळशाला नुसता धीर दिला तर तो आणखी सैलावतो.

अबोली

यावरून फुंकर आठवली. निखाऱ्यावर फुंकर घातली तर तो चेततो. भाजलेल्या बोटावर घातली तर गारवा मिळतो. आणि ज्योतीवर घातली तर ती विझते! फुंकर तीच. समोर काय आहे हे न बघता घातली तर पंचाईत.

थेंब

वा! 'उत्तेजन'पेक्षा 'चेतवणे' हाच शब्द घ्या मोहरीताई. उत्तेजन म्हटलं की मला बक्षीस समारंभातलं उत्तेजनार्थ तिसरं बक्षीसच आठवतं. :)

शब्दखूण

हा हा, पटलं. २ तीमथ्य १:६ मध्ये पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, त्याच्यातलं कृपादान (देवाने दिलेली देणगी) प्रज्वलित करायला सांगतो, तिथलं मूळ क्रियापद निखारा पुन्हा फुलवण्याचंच आहे. म्हणजे विस्तव आधीपासून आत आहे, आपण बाहेरून आणून ठेवत नाही. आपल्या मराठी शास्त्रात बर्णबाच्या नावाचा अर्थ 'बोधपुत्र' असा दिलाय (कृत्ये ४:३६). बोध म्हटलं की आज आपल्याला उपदेश आठवतो, पण मूळ शब्दात धीर देणं, सांत्वन, विनवणी हे सगळं येतं. आणि त्या माणसाने केलं काय, तर यरुशलेमेत सगळे शौलाला (म्हणजे पौलालाच, आधी तो ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा) घाबरत असताना त्याला हाताला धरून प्रेषितांकडे नेलं (९:२७). पुढे अंत्युखियात काम वाढलं तेव्हा त्याला शोधायला स्वतः तार्सास गेला (११:२५). सभेत घोषणा केली नाही, शोधत गेला.

द्राक्षवेल

मी कॅथोलिक आहे, आमच्याकडचा एक प्रसंग सांगते. तो शब्दखूण यांच्या 'टोचणी'ला अगदी लागू पडतो.

१८३३ सालचं पॅरिस. फ्रेदेरिक ओझानाम हा विद्यार्थी आणि त्याचे मित्र वादसभेत ख्रिस्ती श्रद्धेची बाजू मांडायचे. विरोधकांनी विचारलं, तुमच्या धर्माने पूर्वी केलं असेल पुष्कळ, पण आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? ओझानामला ते लागलं. तो आणि त्याचे काही सोबती कामाला लागले आणि त्यातून संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था उभी राहिली. तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. पण त्यांना हे काम येत कुठे होतं? गरिबांच्या वस्तीत अनेक वर्षं काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यू यांनी त्यांना घरं दाखवली, घरी कसं जायचं ते शिकवलं. आजही त्या संस्थेचे सभासद घरभेटी करतात.

मला यात दोन माणसं दिसतात. एकाने डिवचलं, एकीने हात धरून नेलं. नुसतं डिवचणं झालं असतं तर मुलं चिडून आणखी एक भाषण लिहीत बसली असती.

जुनी वही

छान चाललाय धागा. मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीतली एक गोष्ट मोहरीताईंना उपयोगी पडेल.

१७४२ सालच्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये या चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांची बैठक भरली होती. विषय अगदी रुक्ष: सभागृहाच्या इमारतीवरचं कर्ज फेडायचं कसं. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, अनेकांना तेही परवडणार नाही. तर तो म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन. जे देऊ शकणार नाहीत त्यांचं मी भरीन. मग इतरांनीही असेच गट घेतले. आता पेनीसाठी दर आठवड्याला दार ठोठवायचं म्हटल्यावर घरात काय चाललंय ते दिसू लागलं. कोण आजारी आहे, कोण दारूकडे वळलाय, कोण भांडणात अडकलाय. वेस्लींच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. पुढे हे साधारण बारा जणांचे गट आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले आणि एकमेकांची विचारपूस करू लागले.

सुरुवात कर्जवसुलीची, पण दर आठवड्याला, त्याच माणसाकडे, त्याच दारात. नियमितपणामुळे माणूस दिसायला लागतो. वर्षातून एकदा 'सेवा सप्ताह' करून तो दिसत नाही.

उंबरठा

मी ख्रिस्ती नाही, पण धागा मनापासून वाचतोय. एक शंका. हे 'एकमेकांना' म्हणजे आपसातच ना? मंडळीतल्यांनी मंडळीतल्यांना जपायचं?

जुनी वही

उंबरठा, तुमचं स्वागत आहे, आणि प्रश्न रास्त आहे. चेतवायचं आपसात, पण ऊब तिथेच ठेवायची नाही. गलती ६:१० मध्ये सर्वांचं बरं करावं, विशेषतः विश्वासाच्या घराण्यातल्यांचं, असं आहे. याची साक्ष विरोधकानेही दिलीय. चौथ्या शतकात रोमन सम्राट ज्युलियन याला जुने देवधर्म पुन्हा उभे करायचे होते. आपल्या एका मुख्य पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात तो वैतागून म्हणतो की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणायचा) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, आपल्याही पोसतात. त्याआधीच्या शतकातल्या साथीबद्दल आलेक्सांद्रियाचा बिशप दियोनिसियस लिहितो की अनेक ख्रिस्ती लोक रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतः गेले. एकटा माणूस एवढं धैर्य कुठून आणणार? शेजारी दुसरा उभा असतो म्हणून ते येतं.

उंबरठा

पटलं. धन्यवाद.

थेंब

मोहरीताई, सभा झाली का? काय बोललात?

मोहरी

झाली. सात-आठ मिनिटांतच थांबले. वचन वाचलं, कावळ्यांचं आणि मुसळाचं सांगितलं, अबोलीताईंच्या वहीबद्दल सांगितलं (ताई, तुमचं नाव-गाव काही नाही). मग कोरे कागद वाटले आणि म्हटलं, इथे बसलेल्या एका माणसाबद्दल तुम्ही या महिन्यात काय पाहिलंत ते एका ओळीत लिहा. कौतुक नको, जे दिसलं ते.

निम्म्याहून जास्त कागद कोरे परत आले. त्याचंच मला वाईट वाटत होतं. पण एका कागदावर थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: "निळी ओढणी घेणारी मुलगी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या पुसते. तिचे नाव मी विचारलेले नाही." मी तो वाचून दाखवला. ती मुलगी मागच्या रांगेत होती. दोन वर्षं येतेय. सभा संपल्यावर एक आजोबा काठी टेकत मागे गेले आणि तिच्याशेजारी बसले.

कोरे कागद जपून ठेवलेत. पुढच्या महिन्यात तेच पुन्हा वाटणार आहे.

रोखठोक

कोरे कागद ठेवलेत हे फार चांगलं केलंत.

मी त्या बहिणीकडे जाऊन आलो. काही सुचवलं नाही, नुसतं विचारलं कशी आहेस. ती बराच वेळ गप्प होती. मग बोलली. पुढचं पाळकांशी बोलून ठरवतोय. सायली, तुम्हीही तुमच्या पाळकांना सांगाच. वर्ग बंद पडेल म्हणता, पण त्याची काळजी तुम्ही एकटीने करायची नाही. ते आमच्यासारख्यांचं काम आहे.

सायली

काका, शनिवारी सांगितलं. बोलता बोलता रडले. पाळकसाहेब म्हणाले, आम्हाला वाटायचं तुला यातच आनंद आहे. तोही आहे, हेही खरं आहे. पुढचे तीन महिने मी वर्ग घेणार नाही, नुसती उपासनेत बसणार.

येत्या रविवारी दोघी जणी वर्ग बघायला येताहेत. अठरा मुलं आहेत. अबोलीताई, आज रात्री एक वही घेऊन बसलेय. कोणाला मोठ्याने वाचायला सांगितलं की घाम फुटतो, कोणाला खिडकीजवळच बसायचं असतं, कोणाचे बाबा हल्ली घरी नसतात. सात पानं झालीत.